काटकसरीचा उपदेश आणि सरावलीची चूल

थंडीचे दिवस जवळ आले की शहरी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून एका ठरावीक उपदेशाचा हंगाम सुरू होतो. घर उबदार कसे राखावे, पाणी तापवायला कोणते यंत्र घ्यावे, कोणत्या उपकरणावर किती तारे असावेत, महिन्याचे बिल कसे खाली आणावे, याचे सल्ले सचित्र छापून येतात. सरकारी जाहिरातीही त्याच सुरात सूर मिसळतात. वीज वाचवा, गॅस वाचवा, देश वाचवा! हा उपदेश खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. कमी इंधनात तेवढेच काम होत असेल तर ते करावे, हे शहाणपण कष्टकऱ्याच्या घरातील बाईला कोणा तज्ज्ञाने शिकवण्याची गरज नाही. परंतु हा उपदेश ज्याला परवडतो त्यालाच फळतो, आणि ज्याला परवडत नाही त्याला वर उधळ्या व अडाणी ठरवून मोकळा होतो. या उपदेशाचे वर्गस्वरूप तपासायचे असेल तर तो डहाणू तालुक्यातील सरावलीसारख्या गावात नेऊन पाहावा. तेथे त्याचे पितळ उघडे पडते.

दिव्याखालचा अंधार

ज्या मुलखात सरावली वसली आहे त्या मुलखाने महानगराला ऊर्जा पुरविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींना डहाणू-तळासरीकडचे गवत जात होते. ठाणे जिल्ह्यातील जंगलांचे लाकूड आणि कोळसा मुंबईच्या चुलींत व शेगड्यांत जळत होता. हे गवत कापणारा आणि हे लाकूड तोडणारा वारली वेठबिगार होता. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली तो उठला, तो या वेठीविरुद्ध आणि गवतकापणीच्या व जंगलकामाच्या मजुरीसाठीच. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्या उठावाची कहाणी नोंदवून ठेवली आहे. वेठ मोडली; पण ऊर्जेच्या प्रवाहाची दिशा काही उलटली नाही.

१९६९ साली शेजारच्या पालघर तालुक्यात तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. १९९५-९६ च्या सुमारास खुद्द डहाणूच्या खाडीकाठी प्रत्येकी २५० मेगावॅटच्या दोन संचांचे कोळशावरील वीज केंद्र उभे राहिले. १९९१ सालीच केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून अधिसूचित केला होता, तरीही हे केंद्र झालेच. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांसाठी. राख, धूर आणि चिकूच्या बागांवर पडणारी काजळी डहाणूसाठी. स्थानिक नागरिक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, आणि वर्षानुवर्षांच्या झगड्यानंतर २००७ मध्ये धुरातील गंधक वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसली. म्हणजे मुंबईच्या दिव्यांसाठी डहाणूने काय सोसावे याचा निकाल लागायलाही एका तपाहून अधिक काळ लागला. डहाणूच्या स्वतःच्या पाड्यांवर कोणत्या दराने, कोणत्या दर्जाची आणि किती तास वीज यावी, हा प्रश्न तर कोणत्याही न्यायासनापुढे तशा ठामपणे उभाच राहिला नाही.

ज्या तालुक्यात ५०० मेगावॅटची निर्मिती होते त्याच तालुक्यातील बाई संध्याकाळी डोक्यावर मोळी घेऊन घरी येते. या दृश्यातला विरोध ज्याच्या डोळ्यांना खुपत नाही, त्याला काटकसरीवर व्याख्यान देण्याचा अधिकार उरत नाही.

गरिबाला महाग पडणारी ऊर्जा

आता थोडा हिशेब करू पाहता काय आढळते? तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी दहा ते पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोचते. उरलेली धुरात, हवेत आणि भिंतीत जाते. गॅसच्या शेगडीत साठ टक्क्यांच्या आसपास उष्णता कामी येते. या प्रमाणाने १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम साध्या चुलीवर करायचे तर सुमारे २०० किलो वाळलेले लाकूड लागते. वीस ते पंचवीस किलोची मोळी धरली तर आठ ते दहा मोळ्या! त्या गोळा करण्यात, तोडण्यात आणि वाहून आणण्यात जाणारे दिवस कोणत्याही बिलावर छापले जात नाहीत. ते बाईच्या मणक्यावर आणि मुलीच्या शाळेतील गैरहजेरीवर छापले जातात.

विजेचेही तसेच. साठ वॅटचे जुने तीन दिवे रोज सहा तास जळले तर महिन्याला ३२ युनिटांहून अधिक वीज जाते. तेवढाच उजेड देणारे नऊ वॅटचे तीन एलईडी दिवे तेवढाच वेळ जळले तर पाच युनिटेही लागत नाहीत. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा रोज दहा तास फिरला तर साडेबावीस युनिटे. तीस वॅटचा नव्या पद्धतीचा पंखा फिरला तर नऊ. म्हणजे तीन दिवे आणि एक पंखा एवढाच संसार असलेल्या घराचा वापर जुन्या उपकरणांनी महिना ५५ युनिटांच्या घरात जातो आणि नव्या उपकरणांनी १४ युनिटांवर येतो. महावितरणच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी सवलतीचा जो वेगळा वर्ग राहत आला आहे, त्याची मर्यादा वर्षाला ३६० युनिटांची, म्हणजे महिना सरासरी ३० ची. नवी उपकरणे असलेले घर या मर्यादेच्या निम्म्यात राहते. जुनी उपकरणे असलेले तितकेच गरीब, तितकेच काटकसरी घर तिच्या कितीतरी बाहेर फेकले जाते आणि सवलतही गमावून बसते.

यातच सगळी मेख आहे. काटकसर ही स्वभावाची बाब नसून भांडवलाची बाब आहे. चांगला पंखा साध्या पंख्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला मिळतो. ज्याच्या हातात ती किंमत एकरकमी आहे तो दर महिन्याला थोडे थोडे वाचवतो आणि काही काळात ती वसूल करतो. ज्याच्या हातात आठवड्याची मजुरी आहे तो स्वस्त पंखा, कुणीतरी टाकून दिलेला जुना दिवा किंवा दुरुस्त केलेली शेगडी घेतो आणि फरकाची रक्कम हप्त्याहप्त्याने आयुष्यभर वीज कंपनीला भरत राहतो. सावकाराच्या खतपत्राविना चाललेले हे व्याजच होय.

गॅसची जोडणी आणि जोडणीनंतरचे मौन

सरकारपक्षाचे म्हणणे असे की, गरिबाच्या घरी गॅस पोचविला आहे; आणखी काय हवे? १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटीव्या जोडणीचा सोहळा औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, थाटात पार पडला. जोडणी मिळाली हे नाकारण्याचे कारण नाही, आणि ती बाईच्या नावावर मिळाली हेही चांगलेच झाले. परंतु त्याच २०१९ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले की जोडणीला वर्ष उलटून गेलेले लाभार्थी वर्षाला सरासरी तीनच्या थोडेसे वर सिलिंडर घेत होते. पाच माणसांच्या घराला तीन सिलिंडर वर्षभर पुरतात असे कोणती गृहिणी म्हणेल? उरलेले आठ-नऊ महिने चूल पेटतच होती. ती फक्त सरकारी आकडेवारीत विझली होती.

त्यानंतर भावाचा खेळ झाला. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत घरगुती सिलिंडर १,१०३ रुपयांवर गेला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर २०० रुपये आणि मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, आणखी १०० रुपये कमी झाले. निवडणूक आटोपल्यावर, एप्रिल २०२५ मध्ये, ५० रुपये पुन्हा चढले. २०२४ मध्ये राज्य सरकारने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देणारी अन्नपूर्णा योजना जाहीर केली. पुन्हा आकडा तीनच! चूल पूर्ण विझू नये एवढी काळजी मात्र प्रत्येक योजनेने घेतलेली दिसते.

डहाणू-तळासरीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील आदिवासी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी बाहेर पडतात. जोडणी पाड्यावरच्या घरी आणि संसार भट्टीच्या कडेला झोपडीत, अशी स्थिती वर्षाचे काही महिने असते. तेथे पुन्हा काटक्या आणि तीन दगड. स्थलांतरित मजुराला लहान सिलिंडर कामाच्या ठिकाणी सहज व त्याच सवलतीत मिळावा, ही मागणी जोवर मजुरीच्या मागणीच्या जोडीने उभी राहत नाही, तोवर उज्ज्वलेचा उजेड त्याच्यामागे चालत जाणार नाही.

धुराची किंमत तर वेगळीच. भारतातील वायुप्रदूषणाच्या परिणामांविषयी वैद्यकीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात घरातील धुरामुळे देशात सुमारे सहा लाख माणसे मृत्यू पावली. कोणत्याही कारखान्यात एवढे कामगार मेले असते तर संसद हादरली असती. ही माणसे स्वयंपाकघराच्या आसपास मेली, आणि स्वयंपाकघर ही खाजगी बाब मानण्यात सत्ताधारी आणि विरोधक यांचे दुर्दैवाने एकमत आहे.

ऊब हीही गरज आहे

डहाणूला थंडी ती कसली, असे मुंबईकर सहज म्हणून जाईल. समुद्रकाठच्या या तालुक्यात घर तापविणारी यंत्रे लागत नाहीत हे खरेच. पण पूर्वेकडील पाड्यांवर पौष-माघाच्या पहाटे अंगावर धड पांघरूण नसलेल्या म्हाताऱ्याला आणि तान्ह्या मुलाला थंडी वाजते, आणि ती भागविण्याचे साधन चूल आणि शेकोटी हेच आहे. चूल एकाच वेळी चार कामे करते. ती भाकरी भाजते, पाणी तापवते, घर उबदार ठेवते आणि धुराने छपराची व बियाण्याची कीड दूर राखते. गॅसची शेगडी यांपैकी पहिली दोन कामे करते, आणि दुसरे फार महाग करते. ‘गॅस दिला तरी हे लोक चूल सोडत नाहीत’ असे कुत्सितपणे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने उरलेल्या दोन कामांची काय सोय केली, ते आधी सांगावे.

पाणी तापविण्याचाच हिशेब घ्या. वीस लिटर पाण्याची बादली वीस अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धे युनिट वीज लागते. पाच बादल्या रोज तापवल्या तर महिन्याला सत्तर युनिटे; म्हणजे सवलतीच्या वर्गातील घराच्या सबंध मर्यादेच्या दुपटीहून जास्त. तेच पाणी साध्या चुलीवर तापवायचे तर बादलीमागे किलोभर लाकूड. यावर उपाय अवघड नाही. धूर बाहेर नेणारी सुधारलेली चूल लाकूड निम्म्यावर आणते. काळ्या रंगाची टाकी उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत पाणी कोमट होते, आणि डहाणूला वर्षाचे आठ महिने उन्हाचा तुटवडा नाही. पण पाण्याची टाकी ठेवायला नळ हवा, आणि सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी वसई-विरारच्या दिशेने धावत असताना पाड्यावरची बाई हंडा घेऊन विहिरीवर उभी आहे.

मग घराचा प्रश्न. वारल्यांचे जुने घर कारवीच्या कुडाचे, वर शेणमातीचा लेप आणि गवताचे किंवा कौलांचे छप्पर. त्याला दरवर्षी डागडुजी लागते, ते आगीला भिते, हे खरे. तरीही त्याची भिंत आणि छप्पर उन्हाळ्यात तापत नाही आणि थंडीच्या रात्री गारठत नाही. सरकारी घरकुलाने पक्की भिंत दिली, आणि पक्के घर मागणे हा आदिवासींचा हक्कच आहे. परंतु २६९ चौरस फुटांच्या आराखड्याला आणि सपाटीवरील घरकुलासाठी वर्षानुवर्षे गोठून राहिलेल्या १ लाख २० हजारांच्या अनुदानाला छपरापर्यंत पोचता पोचता दम लागतो. वर पत्रा येतो. तो मे महिन्याच्या दुपारी भट्टी होतो आणि जानेवारीच्या पहाटे बर्फ. मग उन्हाळ्यात पंखा अहोरात्र आणि थंडीत शेकोटी दारात. घर बांधतानाच कौल, छताखाली चटईचा किंवा बांबूचा थर, समोरासमोर खिडक्या आणि धुराडे यांचा खर्च अनुदानात धरला असता तर त्या घराचे इंधन कायमचे वाचले असते. सरकार घर स्वस्त करते आणि त्यात राहणे महाग करते.

दोन चुकीच्या वाटा

या प्रश्नावर पुरोगामी चळवळीतही दोन चुकीच्या समजुती आढळतात, त्यांचाही परामर्श घेतला पाहिजे.

पहिली समजूत अशी की, काटकसर हा भांडवलदारांचा उपदेश. आपण दरवाढीविरुद्ध लढावे आणि फुकट वीज मागावी, बाकी सारे सुधारणावाद. दरवाढीविरुद्ध लढलेच पाहिजे. परंतु फुकट विजेच्या घोषणा सत्ताधाऱ्यांनाही करता येतात. २०२० साली १०० युनिटांपर्यंत मोफत विजेची घोषणा महाराष्ट्रात गाजली आणि विरून गेली. शिवाय ज्या घराची निम्मी वीज जुन्या उपकरणात वाया जाते, त्याला दिलेली सवलत अंतिमतः वीज विकणाऱ्याच्याच खिशात जाते. वाचलेले युनिट कोणत्याही सरकारला परत घेता येत नाही. बसविलेली चांगली चूल, लावलेला चांगला पंखा निवडणुकीनंतर काढून नेता येत नाही. म्हणून कार्यक्षम साधन गरिबाच्या घरात असणे ही मागणी मोफत युनिटांच्या मागणीहून कमी लढाऊ तर नाहीच, उलट अधिक टिकाऊ आहे.

दुसरी समजूत उलट टोकाची. लोकांना माहिती द्या, प्रात्यक्षिके दाखवा, लोक सुधारतील. १९८० च्या दशकात सुरू होऊन २००२ मध्ये गुंडाळलेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने या समजुतीची परीक्षा घेतली आहे. कोट्यवधी चुली बसविल्याचे आकडे झाले. पुष्कळ चुली दोन-चार वर्षांत फुटल्या, धुराडी बुजली, आणि दुरुस्तीला कोणी नव्हते. जिच्या घरात ती बसवायची त्या बाईला तिच्या भांड्याचा आकार, भाकरीची रीत, लाकडाची जात कोणी विचारली नव्हती. उद्दिष्टपूर्ती झाली आणि धूर राहिला. चुलींच्या जागी जोडण्या मोजल्या, एवढाच पुढे फरक पडला.

मीटर कोणासाठी फिरतो

येथे मालकीचा सवाल टाळता येणार नाही. डहाणूचे औष्णिक केंद्र २०१८ मध्ये मुंबईच्या वीज व्यवसायासह अदानी समूहाकडे गेले. २०२३ मध्ये महावितरणने स्मार्ट मीटर बसविण्याची कंत्राटे वाटली. त्यांत कल्याण परिमंडल, ज्यात पालघर जिल्हा येतो, त्याच समूहाच्या वाट्याला आले. म्हणजे डहाणूत वीज तयार करून मुंबईला विकणारा आणि डहाणूच्या घरात वीज मोजणारे यंत्र लावणारा एकच! आधी पैसे भरा मग वीज घ्या, या पद्धतीविरुद्ध राज्यभर असंतोष उसळला तेव्हा २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना ती लागू करणार नाही असे सरकारला म्हणावे लागले. संघटित विरोधाने काय होऊ शकते याचा तो पुरावा आहे. परंतु प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही. मीटर बदलायला हजारो कोटी उभे राहतात, आणि त्याच मीटरच्या पलीकडे जळणारा जुना दिवा व जुना पंखा बदलायला मात्र ग्राहकाने स्वतः ‘जागरूक’ व्हायचे असते. वापर मोजण्यात नफा आहे, वापर कमी करण्यात नाही. खाजगी कंत्राटदाराकडून याहून वेगळी अपेक्षा करणे भोळेपणाचे ठरेल.

काय मागायचे, काय करायचे

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सवलतीच्या वर्गातील प्रत्येक घराला तीन एलईडी दिवे आणि एक कमी विजेचा पंखा महावितरणने स्वतःच्या खर्चाने द्यावा. हा खर्च मीटरच्या खर्चापुढे किरकोळ आहे. सिलिंडरची सवलत वर्षाला किमान आठ भरण्यांना आणि दुकानावरच, आगाऊ पैसे भरायला न लावता मिळावी. घरकुलाच्या अनुदानात छप्पर, वायुवीजन आणि धुराड्याचा वेगळा भाग असावा. डहाणू व तळासरी हे अनुसूचित क्षेत्रातील तालुके आहेत. येथे १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे, आणि वनहक्क कायद्यातील गौण वनोपजात काटक्या-झुडुपांचाही समावेश आहे. मोळी अडवणाऱ्या वनरक्षकाला हा कायदा दाखविण्याचे काम पाड्यापाड्यावर झाले पाहिजे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळलेल्या पायांनी चालत गेलेल्या आदिवासींची मुख्य मागणी याच कायद्याच्या अंमलबजावणीची होती.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. कार्यकर्त्यांनी प्रत्येक पाड्यावर बिले वाचण्याची बैठक घ्यावी. बिलात युनिटे किती, स्थिर आकार किती, वहन आकार किती, मागील थकबाकी खरी की लादलेली, सवलतीचा वर्ग मिळायला हवा असताना नाकारला आहे काय, हे घराघरांतून तपासावे. साठ वॅटचे दिवे किती शिल्लक आहेत त्याची मोजदाद करावी. लाकूड पावसाआधी फोडून वाळवणे, भांड्यावर झाकण, डाळ भिजत घालून शिजवणे, उकळी आलेला भात गोधडीत गुंडाळून ठेवणे, ही बायकांच्या पदरी असलेली विद्या एकीकडून दुसरीकडे पोचवावी. ती शिकवायला नव्हे तर शिकायला जावे. या बैठकांत बोलणाऱ्या बाया असल्या पाहिजेत, कारण सरपणाचा हिशेब त्यांच्याच डोक्यावर आहे.

विजेच्या बिलावरची सभा ही मजुरीच्या सभेहून हलकी, असे कोणी मानू नये. मजुरी कामावर मिळते आणि घरी येईपर्यंत गॅस, वीज आणि सरपण यांच्या वाटेने पुन्हा निघून जाते. एका हाताने जिंकलेले दुसऱ्या हाताने हरायचे नसेल तर लढ्याची हद्द शेताच्या बांधावर आणि कारखान्याच्या फाटकाशी थांबवून चालणार नाही. ती सरावलीच्या चुलीपर्यंत नेली पाहिजे. या मुलखातल्या माणसाने गवताच्या मजुरीसाठी एकदा मान वर केली होती. त्याच्या नातीच्या मानेवर मोळी तशीच आहे.